तो मासा नाही

बडोद्याच्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात गेल्या रविवारी एका बापाने आपल्या मुलाला देवमाशाच्या सांगाड्यापुढे उभं केलं, मोबाइलवर फोटो काढला आणि म्हणाला, "बघ, केवढा मोठा मासा!"

मुलगा तेरा-चौदा वर्षांचा. अंगात कोचिंग क्लासचा टी-शर्ट, पाठीवर ठळक अक्षरांत 'भावी डॉक्टर'. मी मागेच उभी होते. आयुष्यभर शरीरक्रियाशास्त्र शिकवलेल्या बाईला अशा वेळी गप्प बसता येत नाही.

"मासा नाही तो," मी म्हटलं.

"काकू, नावातच आहे की! देवमासा."

"पाणघोड्याच्याही नावात घोडा आहे. त्याच्यावर खोगीर घालाल का?" आणि आजच्या जिवंत प्राण्यांत देवमाशाचा सगळ्यात जवळचा नातेवाईक म्हणजे हाच पाणघोडा, हेही सांगून टाकलं.

मग मुलाला म्हटलं, त्या पुढच्या पराच्या आत काय आहे ते नीट बघ. खांद्याला जोडलेलं एक आखूड, जाड हाड. त्याच्या पुढे शेजारी-शेजारी दोन. मग मनगटाचे तुकडे, मग बोटं. "आता तुझाच हात कोपराच्या खाली घट्ट धर आणि तळवा उलटा-सुलटा कर." त्याने केलं. डोळे एकदम मोठे झाले. "आत काहीतरी फिरतंय!" फिरतंय ते रेडियस, अल्नावरून फिरतंय. १९४४ मध्ये महीच्या मुखाशी वाहत आलेल्या त्या धुडात आणि या पोराच्या हातात एकच आराखडा आहे. चार पायांच्या, जमिनीवरून पाण्यात उतरत गेलेल्या आद्य देवमाशांचे जीवाश्म तर आपल्याच गुजरातेत, कच्छात सापडले आहेत. चार कोटी वर्षांहून जुने. त्यातल्या एकाचं शास्त्रीय नावच कच्छिसेटस! पोरगं ऐकत उभं होतं. तोंड उघडं, हात अजून फिरतोय.

बापाने घड्याळ बघितलं. "चल रे, चारला टेस्ट आहे. बायोलॉजीचीच आहे."

बायोलॉजीची टेस्ट आहे, म्हणून बायोलॉजी बघायला वेळ नाही! माझा सगळा संताप या एका वाक्यात मावतो. हा लेख त्या बापाविरुद्ध आहे, आणि त्याच्यासारख्या हजारोंविरुद्ध, ज्यांना घरात डॉक्टर हवा असतो पण शरीराची विद्या नको असते.

दांडियाबाजारातल्या एखाद्या मराठी घरात चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला जा. तिथे एखादी मुलगी सांगते, "मी बीएस्सी करतेय. मानवी जीवशास्त्र." क्षणभर शांतता. मग कुणीतरी मावशी आवाज खाली आणून विचारते, "मेडिकलला नंबर नाही का गं लागला?" दारावर समाचाराला आल्यासारखा तो स्वर. मुलगी धडधाकट समोर उभी आहे, हातात कैरीची डाळ आहे, आणि या बायका तिचं सुतक पाळताहेत.

का? हवामानशास्त्र शिकणाऱ्याला कुणी विचारतं का, 'तुला पाऊस पाडता आला नाही का?' इतिहास शिकणाऱ्याला कुणी म्हणतं का, 'अरेरे, राजा व्हायचं राहून गेलं'? मग माणसाचं शरीर शिकणाऱ्या पोरीनेच न झालेल्या डॉक्टरकीचा खुलासा का द्यायचा?

डॉक्टर बिघडलेलं शरीर दुरुस्त करायला शिकतो. थोर काम आहे. मी स्वतः दोनदा अशाच हातांनी वाचले आहे. पण मुळात हे यंत्र चालतं कसं, घडलं कसं, असंच का घडलं, पुण्यातल्या बाळाचं वजन इंग्लंडमधल्या बाळापेक्षा कमी का, सातपुड्यातल्या रक्तपेशी वाकड्या का होतात, हे प्रश्न दवाखान्याच्या रांगेत सुटत नाहीत. डॉक्टरच्या टेबलावर पोचणारं ज्ञान आधी कुणीतरी प्रयोगशाळेत, गावोगाव हिंडून, वजनकाटा आणि फूटपट्टी घेऊन मिळवलेलं असतं. ते मिळवणारी माणसं काय आकाशातून पडतात?

आता हिशोबच करू. २०२४ मध्ये तेवीस लाखांहून अधिक मुलं नीटला बसली. एमबीबीएसच्या जागा जेमतेम एक लाखाच्या वर. म्हणजे बावीसेक लाख मुलांना आपण दरवर्षी सांगतो की तुम्ही नापास माणसं आहात. त्या परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे. लाखो पोरं दोन-दोन, तीन-तीन वर्षं जीवशास्त्र घोकतात आणि नंबर लागला नाही की तेच जीवशास्त्र त्यांना तोंड दाखवायला लाज वाटावी असं होतं. ज्या विषयाच्या जोरावर देव होणार होते, त्याच विषयाची पदवी घेणं म्हणजे पाप! याला काही तर्क आहे? आणि त्या जागेच्या हव्यासाने माणसं कुठवर जातात? त्याच २०२४ साली बडोद्यापासून दीड-दोन तासांवरच्या गोध्र्यात, मुलांच्या कोऱ्या सोडलेल्या उत्तरपत्रिका नंतर भरून देण्याचा कट रचल्याच्या आरोपावरून पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. पैसे मोजून जीवशास्त्राची उत्तरं भरून घ्यायला तयार असलेला बाप, मुलाने तेच जीवशास्त्र मन लावून शिकतो म्हटलं तर दारं लावून रडतो.

हे कुठल्या गावात चाललंय? बडोद्यात! म्हणून मला जास्त चीड येते. दुसऱ्या गावाला मी एक वेळ माफ केलं असतं.

नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचं एक शेतकऱ्याचं पोर १८७५ मध्ये दत्तक येऊन इथल्या गादीवर बसलं आणि त्याने या शहराला शिकण्याचं वेड लावलं. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. संग्रहालय १८९४ चं. तिथे मिसरची ममी आणून ठेवली, ती काय फोटोच्या पार्श्वभूमीसाठी? हजारो वर्षांपूर्वीचं माणसाचं शरीर माझ्या प्रजेने डोळ्यांनी बघावं, एवढी त्या राजाला हौस. १८९० मध्ये तंत्रशिक्षणाचं कलाभवन निघालं. त्रिभुवनदास गज्जरांसारखा रसायनाचा प्राध्यापक विज्ञान मातृभाषेतून शिकवायचं म्हणून हट्ट धरून बसला. १९३१ मध्ये कारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला 'सयाजी शासन शब्दकल्पतरू' निघाला.

आणि शरीराबद्दल म्हणाल, तर ऐका. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी याच बडोद्यातून १९३६ पासून पुढच्या तेराएक वर्षांत 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड काढले. दहा खंड! मराठीत! प्रा. माणिकरावांचा जुम्मादादा आखाडा ही इथलीच परंपरा. मल्लखांब शिकवणारा माणूस निखळलेला खांदाही बसवायचा, कारण कुठला स्नायू कुठे धरतो हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. या शहराच्या मराठी माणसाला शरीर कळायचं. आज त्यांच्याच नातवंडांना प्लीहा कुठल्या बाजूला असते हे विचारा. उजवी की डावी? चार पर्याय दिले तर सांगतात. पर्याय काढून घेतले की गप्प.

आता माझ्याच घरातली भांडी बाहेर काढते, कारण दोष फक्त आईबापांचा नाही. कॉलेजं काय कमी आहेत?

एका कॉलेजात मी परीक्षक म्हणून गेले होते. एका मुलीचं जर्नल उघडलं. नेफ्रॉनची आकृती अशी सुरेख, की चौकटीत लावावी. नलिकेचा एकेक वळसा रेखीव, नावं सरळ रेषेत, पिवळी-लाल रंगसंगती. मी विचारलं, "मे महिना, दुपारचे दोन. तू न्यायमंदिरापासून मांडवीपर्यंत चालत गेलीस. सकाळपासून पाणी प्यायली नाहीस. लघवीचा रंग कसा होईल, आणि का?"

ती लाल झाली. आधी त्या शब्दाने, मग उत्तर येईना म्हणून. शेवटी म्हणाली, "मॅडम, हे पोर्शनमध्ये नाहीये."

पोर्शनमध्ये नाही! अगं, तुझ्या कंबरेच्या दोन बाजूंना आहे ते! तुझी दोन मूत्रपिंडं दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीडएक लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतात. उन्हात घाम गेला, रक्त दाटलं, की मेंदूतून एक संप्रेरक सुटतं, त्या सुंदर नलिकांच्या शेवटच्या टप्प्याला सांगतं, पाणी धरून ठेव. म्हणून लघवी थोडी आणि गडद. तू काढलेल्या आकृतीत हेच तर चाललंय. तुला ते कुणी सांगितलं नाही. सांगणाऱ्यांना सबमिशनची घाई होती, तपासणाऱ्यांना सह्यांची, आणि व्यवस्थापनाला निकालाच्या टक्क्यांची. पोरीचा दोष शून्य. ज्यांनी तिला तीन वर्षं पेन्सिलीला टोक काढायला लावलं आणि तिच्याच शरीराची गोष्ट तिच्यापासून लपवली, त्या मास्तर लोकांना मी माफ करणार नाही. त्यांनी नोकरी केली, शिकवलं नाही.

हा विषय शिकवायला काय लागतं? शेव-उसळीची एक प्लेट लागते. बडोद्याच्या रस्त्यावर संध्याकाळी कुणालाही विचारा, ती मिळते. वाटाण्याची उसळ, वर शेव, बाजूला लाल तरी. तरी जास्त घेतली की तोंड का पेटतं? मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या ग्राहीला जाऊन चिकटतं, ती ग्राही मुळात चटका ओळखण्यासाठी आहे. त्यामुळे मेंदूला खबर जाते, भाजलं! तोंड भाजलेलं नसतं, पण घाम सुटतो, नाक वाहतं, कारण शरीर खऱ्या आगीची तयारी करतं. पाणी ढोसून उपयोग नाही. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. ताक प्या. दुधातली प्रथिनं त्याला धरून नेतात. आपल्या आज्यांनी तिखटाच्या ताटात ताकाची वाटी ठेवली ती उगाच नाही. ही ग्राही शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियसला २०२१ चं नोबेल मिळालं. मज्जासंस्था, पेशीचं आवरण, रसायन, पोषण, सगळं एका प्लेटमध्ये. आणि पलीकडे आणंदला जा, जिथे अमूलचं दूध वाहतं. मोठेपणी दूध का पचतं, आणि काहींना का पचत नाही? लहानपणानंतर मंदावणारा एक विकर काही माणसांत जन्मभर चालू राहतो, एका जनुकीय बदलामुळे. आणि हिंदुस्थानात तो बदल वायव्येला जास्त, आग्नेयेकडे कमी कमी होत जातो. गुरं पाळणाऱ्यांचा हजारो वर्षांचा प्रवास तुमच्या आतड्यात लिहिलेला आहे. याला रटाळ विषय म्हणणाऱ्याच्या डोक्यात काय भरलंय ते त्यालाच ठाऊक.

पुण्याकडे चला. डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी केईएम रुग्णालयातून आजूबाजूच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास १९९० च्या दशकात सुरू केला. बाळं जन्मतःच २.७ किलोच्या आसपास. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी. पण मोजमाप केल्यावर दिसलं काय? स्नायू कमी, पोटाचे अवयव लहान, आणि चरबी मात्र त्या मानाने टिकवून धरलेली. रोड दिसणारं, पण आतून चरबीचं बाळ. २००४ मध्ये याज्ञिकांनी आपला आणि ब्रिटनमधले मित्र जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो 'लॅन्सेट'मध्ये छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी? युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. आपल्याकडे सडपातळ माणसाला मधुमेह का होतो, याचा धागा त्या एका फोटोत आहे. याज्ञिक डॉक्टर आहेत हे मलाही ठाऊक आहे. पण वाडी-वस्तीवर जाऊन बाईने दिवसभरात काय खाल्लं ते लिहून घेणं, बाळाच्या दंडाचा घेर मोजणं, नाळेतलं रक्त जपून ठेवणं, आकड्यांतून अर्थ काढणं, ही कामं एकटा डॉक्टर करत नाही. त्याला शरीर समजणारी, मोजायला शिकलेली माणसं लागतात. ती तुमच्याच घरात होती. तुम्ही त्यांना नापास म्हणालात.

बडोद्याच्या पूर्वेला जा. छोटा उदेपूर, आणि नर्मदेपलीकडे आपल्या नंदुरबारमधलं धडगाव-अक्कलकुवा. आदिवासी पट्टा. हिमोग्लोबिनच्या साखळीतलं सहावं अमिनो आम्ल बदलतं. फक्त एक! ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं, आणि प्राणवायू उतरल्यावर रक्तपेशी विळ्यासारखी वाकते, बारीक वाहिन्यांत अडकते, मूल वेदनेने तळमळतं. हाच सिकलसेल. मग हा घातक बदल टिकला कसा? कारण ज्याच्याकडे त्याची एकच प्रत असते, त्याला मलेरिया सहज मारत नाही. केवढी शोकांतिका, आणि केवढं शास्त्र! १ जुलै २०२३ ला केंद्राने सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. सात कोटी लोकांची तपासणी, २०४७ चं उद्दिष्ट. छान. त्या सात कोटींना त्यांच्या भाषेत समजावणार कोण? दोघेही वाहक असलेल्या नवरा-बायकोला 'प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता' याचा अर्थ सांगायला तासभर बसणार कोण? शंभर रुग्णांच्या ओपीडीतला डॉक्टर? आपण लग्नात छत्तीस गुण जुळवतो, नाडी बघतो, मंगळ बघतो. रक्त बघत नाही. गुरुजींना दक्षिणा देतो आणि जनुकशास्त्र शिकलेल्या मुलीला विचारतो, 'याला स्कोप काय?'

अज्ञानाचा हा माज वरपासून खालपर्यंत आहे. जानेवारी २०१८ मध्ये आपल्याच औरंगाबादेत तेव्हाचे केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धान्त चूक आहे. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलं नाही. हा गृहस्थ स्वतः विज्ञानाचा पदवीधर, माजी पोलीस आयुक्त! बघितल्याशिवाय काहीच मानायचं नसेल तर पोलिसांनी आजवर तपास तरी कसे केले? पुरावा हा शब्द त्यांनी कधी ऐकलाच नव्हता का? देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी निषेध केला. पुढे एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग काढूनच टाकला. म्हणजे जो मुलगा दहावीनंतर विज्ञान सोडेल, त्याला आपण कुठून आलो हे शाळेत कुणी सांगणारच नाही. वर पूर्वजांचा गजर आहेच. सुश्रुताचं नाव घेऊन छाती फुगवणाऱ्यांनी सुश्रुत उघडला आहे का? प्रेत वाहत्या पाण्यात ठेवा, सात रात्रींनी काढा, कुंच्याने थर थर खरवडा आणि डोळ्यांनी बघा, असं त्याने शिष्यांना सांगितलं. बघा म्हणाला! नुसता जयजयकार करा म्हणाला नाही.

आणि या अज्ञानाची किंमत कोण मोजतं? फेब्रुवारी २०२० मध्ये भूजच्या एका महिला महाविद्यालयाच्या वसतिगृहात साठांहून अधिक मुलींना, पाळी आली आहे का ते तपासायला, कपडे उतरवायला लावल्याचं उघडकीला आलं. कॉलेजात! पदवीच्या मुली! गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला सुटतं आणि पुन्हा घडतं, एवढी साधी गोष्ट. तिचं ते कॉलेज चालवणाऱ्या शिकलेल्या बायांनी पाप केलं. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून हेच सांगितलं: शरीर घाण नाही, अज्ञान घाण आहे. समाजाने त्यांच्यावर खटले भरले. १९३४ मध्ये त्यांच्या बाजूने कोर्टात कोण उभं राहिलं? बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. शरीराचं ज्ञान हा हक्काचा प्रश्न आहे, हे त्या दोघांना कळत होतं. नव्वद वर्षं झाली, आम्हाला अजून कळत नाही.

माणूस मोजणं हे किती धोक्याचं आणि किती गरजेचं काम आहे, ते मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांना विचारायला हवं होतं. बर्लिनमध्ये ऑयगेन फिशरसारख्या वंशवादी प्राध्यापकाच्या हाताखाली त्या पीएचडी करत होत्या. युरोपियनांची बुद्धी श्रेष्ठ हे कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या असमानतेतून सिद्ध व्हावं, अशी त्या गुरूची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि लिहिलं, वंशाचा आणि या असमानतेचा संबंध दिसत नाही. ऐन विशीतली मराठी बाई, परक्या देशात, स्वतःच्या गाइडच्या तोंडावर! हे धैर्य कुठून आलं? मोजमापातून आलं. ज्याच्या हातात पुरावा असतो त्याचा कणा ताठ राहतो. म्हणून मला मानवी जीवशास्त्राची ही पदवी हवी आहे. नुसत्या नोकरीसाठी नको आहे.

नोकरीचं म्हणाल, तर तेही स्पष्ट बोलते. नुसत्या बीएस्सीवर मोठा पगार मिळेल असं मी कुणालाही सांगत नाही. पुढे एमएस्सी करावी लागेल, सुरुवातीची वर्षं ओढाताणीची जातील. पण जनुकीय समुपदेशन, औषधांच्या चाचण्या, पोषण, लसनिर्मिती, न्यायवैद्यक प्रयोगशाळा, सार्वजनिक आरोग्य ही दारं खरी आहेत. बडोद्याला तर हे सांगावं लागू नये. १९०७ मध्ये सुरू झालेल्या अलेम्बिक या औषधकंपनीच्या मुळाशी कोण होते? गज्जर मास्तर, कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन. एका विज्ञानशिक्षकाच्या वर्गातून या शहराचा औषधधंदा निघाला. आणि खाजगी मेडिकलच्या जागेसाठी शेत विकणाऱ्या, फ्लॅट गहाण टाकणाऱ्या बापाने मला 'याला पैसे किती' विचारू नये. आधी स्वतःचा हिशोब मांडावा.

आता एक गोष्ट, जी या शहराच्या प्रत्येक आईबापाला मी हात धरून सांगणार आहे. सी. व्ही. रामकृष्णन १९५५ मध्ये बडोद्याला आले आणि महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्यांनी जीवरसायनशास्त्राचा विभाग उभा केला. त्यांच्या पत्नी राजलक्ष्मी, कॅनडात मॅकगिलहून मानसशास्त्राची पीएचडी केलेल्या विदुषी, इथे पोषणावर संशोधन करू लागल्या. त्यांचा मुलगा वेंकटरामन. त्याला बडोद्याच्या मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळाला होता. मिळाला होता! ज्या जागेसाठी तुम्ही नवस बोलता, ती जागा त्या पोराच्या खिशात होती. विज्ञानाची राष्ट्रीय शिष्यवृत्ती मिळाली आणि त्याने ती जागा सोडून याच विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या बीएस्सीला नाव घातलं. १९७१ मध्ये पदवी. अमेरिकेत १९७६ मध्ये भौतिकशास्त्राची पीएचडी. आणि मग, हातात पीएचडी असताना, तो सॅन डिएगोला जीवशास्त्राच्या वर्गात पुन्हा विद्यार्थी म्हणून जाऊन बसला. पहिल्या बाकापासून. पेशीत प्रथिनं घडवणाऱ्या रायबोसोमची रचना त्याने उलगडली; कितीतरी प्रतिजैविकं जंतूंच्या ह्याच यंत्रावर घाव घालतात. २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल.

तेव्हा सगळं बडोदं म्हणालं, आमचा वेंकी! 'आमचा'? त्याने जे केलं ते उद्या तुमच्या मुलाने केलं, मेडिकलची जागा सोडून 'मला शरीर कसं चालतं ते शिकायचंय' म्हणाला, तर त्या रात्री तुमच्या घरात चूल पेटेल का? मामा, काका, क्लासचे सर, सगळे समजूत घालायला येतील. नोबेल हवं, पण नोबेलकडे जाणारी वाट दिसली की पोराला बखोट धरून मागे ओढायचं. या दुटप्पीपणाची मला किळस येते.

याच विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात 'सगळे पुरुष जन्मतः स्वतंत्र' या अर्थाचं वाक्य जाणार होतं. हंसाबेन आग्रहाने म्हणाल्या, पुरुष नको, 'सगळी माणसं' लिहा. तो शब्द बदलला. 'माणूस' या शब्दासाठी जगाशी भांडलेली बाई ज्या विद्यापीठाची पहिली कुलगुरू, त्या गावात माणूस हा विषय शिकणाऱ्या मुलीने मान खाली घालून चालायचं? चालणार नाही. मी चालू देणार नाही.

म्हणून पुढच्या हळदीकुंकवाला एखादी पोर म्हणाली की मी मानवी जीवशास्त्र शिकते, तर नंबर लागला का विचारू नका. विचारा, "काय शिकलीस, सांग." आणि ती सांगायला लागली की तिच्यासमोर बसा, हातातली वाटी खाली ठेवा, आणि ऐका. तिला तुमच्या गुडघ्याबद्दल, तुमच्या साखरेबद्दल, तुमच्या नातवाच्या रक्ताबद्दल तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आणि त्या रविवारच्या बापाला एवढंच सांगायचंय. तुमचा मुलगा टेस्टला गेला तेव्हा जिना उतरेपर्यंत स्वतःचं मनगट फिरवून बघत होता. मी पाहिलंय. त्याला परत घेऊन या. दुपारभर उभं राहू द्या तिथे, मीही येईन. आणि तो मासा नाही.